खुणेखालीच आहे

या दिवाळी अंकाचे संपादक आमच्याच इमारतीत राहतात, त्यामुळे त्यांना टाळणं अवघड. दरवर्षी गणपती झाले की ते मला जिन्यात गाठतात आणि म्हणतात, "डॉक्टर, यंदा तुमच्या व्यवसायातलं काहीतरी द्या." दरवर्षी मी त्यांना काट्याची गोष्ट सांगतो, ते पोट धरून हसतात आणि म्हणतात, "अहो, हेच लिहा की!" मी लिहीत नाही. कारण काट्याची गोष्ट लिहिली की वाचणारा विचारणार, मग पुढे काय झालं? आणि पुढे जे झालं ते मी गेल्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिला काट्याची गोष्ट मात्र इतक्यांदा ऐकावी लागली आहे, की मी पाहुण्यांसमोर "राजोडीचा एक मच्छीमार..." एवढं म्हणालो की ती दूध बघायला उठते.

यंदा लिहितो आहे ते हिंमत आली म्हणून नव्हे. ज्याची माफी मागायची तो डॉ. नेल्सन गेल्या वर्षी वारला. आता तो हे वाचणार नाही, उलट प्रश्न विचारणार नाही, समोरासमोर आला तर नजर कुठे ठेवायची हाही प्रश्न उरला नाही. माझी बहुतेक धाडसं अशीच, समोर कुणी नाही याची खात्री करून घेऊन केलेली आहेत.

मी सोनोग्राफी करणारा डॉक्टर. वसईतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी खोली होती. ते हॉस्पिटल आता नाही, त्या जागी दागिन्यांचं दुकान झालं आहे. नव्वदच्या दशकात आमच्या भागात सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ बघायचं यंत्र, एवढंच लोकांना ठाऊक होतं. यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो. कानाला ऐकू न येणारा आवाज अंगात पाठवायचा, आतल्या वेगवेगळ्या गोष्टींवर आपटून तो परत येतो, आणि त्याचं पडद्यावर काळंपांढरं चित्र होतं. वटवाघूळ हेच काम अंधारात उडता उडता करतं आणि त्याची पावती फाडत नाही.

मानेतली गाठही या यंत्रानं दिसते हे लोकांना पटवायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या काउंटरवरच्या बाई सोनोग्राफीला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका." पोट बघायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण एकदा जूचंद्रचे एक आजोबा गळ्यातली गाठ दाखवायला आले आणि बाकावर गरोदर बायकांच्या रांगेत घाम पुसत बसून राहिले. त्यांचा नंबर लागेपर्यंत ते उभेही राहू शकत नव्हते.

"काय होतंय आजोबा?"

"काय व्हनार? तांब्यावर तांब्या पानी पाजलाय त्या बाईनी. गाठ वर, नि पानी खाली. आता पयले काय बघताव ते बघा, पन बिगीबिगी बघा!"

पुढे कायदा कडक झाला आणि खोलीबाहेर ठळक फलक लागला, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' त्याखाली बसलेल्या एका गृहस्थांच्या लाळेच्या ग्रंथीत खडा होता. मी रिपोर्ट हातात दिला तर ते गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, कायदा मला मान्य आहे. काय आहे ते सांगू नका, फक्त सुखरूप आहे ना, एवढं सांगा."

अशा वातावरणात मानेची सोनोग्राफी करणारा मी एकटाच. त्यामुळे या भागातला सर्वोत्तमही मीच. स्पर्धा नसताना पहिला नंबर सांभाळणं फार सोपं असतं.

डॉ. नेल्सन आमच्या हॉस्पिटलात आला तेव्हा जेमतेम तिशीचा होता. वसईतल्याच जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला, वडील चर्चच्या शाळेत मास्तर. कान, नाक, घसा शिकून, मग मानेच्या शस्त्रक्रियांचं वेगळं शिक्षण घेऊन आला होता. मुंबईत त्याला जागा मिळत होती. "पण सर, आपल्या माणसांनी मानेतल्या गाठीसाठी दादरपर्यंत का जायचं?" असं तो म्हणायचा. मी मनात म्हणायचो, शिकेल हळूहळू.

मान म्हणजे फार गर्दीची जागा. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या, श्वासनलिका, अन्ननलिका, आवाजाची नस, खांदा उचलणारी नस, सगळं तळहाताएवढ्या जागेत. त्यात वाटाण्याएवढी गाठ शोधायची. हाताला लागली तर ठीक, पण एकदा कातडी कापली की मघाशी बोटाला लागलेली गाठ सापडेनाशी होते, हे शस्त्रक्रिया करणारा कुणीही सांगेल. नेल्सनची कल्पना साधी होती. यंत्रच ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं. पेशंट टेबलावर झोपला, मान हवी तशी वळवली, की तिथेच गाठ बघायची, तिथेच कापायचं, आणि वाट चुकतेय असं वाटलं की पुन्हा बघायचं. आज मोठ्या शहरांत याची शिबिरं भरतात. तेव्हा आमच्या मालकांनी विचारलं होतं, "यंत्र वर गेलं तर खाली बायकांचं काय?"

अडचण खरी होती. थिएटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि यंत्र कपाटाएवढं. मग वॉर्डातले चार मामा, म्हणजे वॉर्डबॉय, यंत्राला खालून हात घालत आणि एकेक पायरी चढवत. त्यांत गजामामा सगळ्यात जुना. तो पुढून उलटा चढत ओरडायचा, "गणपती बाप्पा!" बाकीचे तिघे "मोरया!" पायरीमागून पायरी. आणि मी मागून यजमानासारखा रिकाम्या हातानं. वर गेल्यावर यंत्राच्या हातात धरायच्या भागावर निर्जंतुक हातमोजा चढवायचा, बोटं मुडपून रबरबँड लावायचा, की झाली तयारी. सिस्टर म्हणायच्या, "आलं बाई डॉक्टरांचं गाईचं आचळ."

आता ती काट्याची गोष्ट. राजोडीचा एक मच्छीमार पाला मासा खाताना काटा अडकला म्हणून आला. पाल्यात काटे किती असतात हे इथे कुणाला सांगायला नको. घशात दुर्बीण घातली, काही नाही. दुसरीकडे पुन्हा घातली, काही नाही. पंधरवड्यानं मान बाहेरून सुजली. मी बघितलं तर काटा घशाची भिंत फोडून मानेच्या स्नायूत जाऊन बसलेला. पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ, बस्स. नेल्सननं त्याला टेबलावर घेतलं, बाप्पा वर आले, मी रेघ दाखवत राहिलो आणि त्यानं त्या रेघेच्या रोखानं आधी एक सुई घातली, मग सुईच्या कडेकडेनं चिमटा. काटा अखंड बाहेर आला. शुद्धीवर आल्यावर मच्छीमारानं तो वाटीत बघितला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नाय डाक्टर, पाल्याचा नाय ह्यो. मी बायकोला उगाच शिव्या दिल्या. ह्यो सासरवाडीला खाल्लेल्या भिंगी माशाचा."

ही गोष्ट मी लग्नांत, मुंजीत, रोटरीत, नातवाच्या शाळेत सांगितली. सांगता सांगता तिच्यातला नेल्सन बारीक होत गेला आणि मी मोठा. शेवटी शेवटी तर काटा मीच काढला असं ऐकणाऱ्यांना वाटे, आणि ते वाटणं दुरुस्त करायची गरज मला कधी वाटली नाही. वसईत माझ्या बोटाशिवाय मान उघडत नाही, असं मी स्वतःविषयी बोलू लागलो. इथपर्यंतची गोष्ट संपादकांना ठाऊक आहे.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी द्वारकाबाई आल्या. नायगाव खाडीकडच्या एका गावातल्या, घरची भातशेती. चाळिशीच्या आतबाहेर, काटक, आणि बोलायला मोकळ्या. मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या खाली आणि जरा मागे, गाठी आल्या होत्या. ताप यायचा, वजन उतरलं होतं. क्षयाच्या गाठी असाव्यात असा अंदाज होता, पण दुसरं काही वाईटही असू शकलं असतं. सुईनं पाणी काढून तपासलं, त्यातून काही कळलं नाही. म्हणून एक गाठ पूर्ण काढून तपासायची ठरलं. छोटंसं ऑपरेशन. फक्त ज्या गाठी हाताला लागत होत्या त्या पिकून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांतून नीट उत्तर मिळेना. जरा वर एक सुटी, चांगली गाठ होती, ती हाताला लागत नव्हती, सोनोग्राफीत दिसत होती. ती काढायची.

त्या दिवशी सकाळी नेल्सन खाली आला. "सर, यंत्र वर घेऊ या. दहा मिनिटांचं काम आहे."

माझ्या बाकावर बायकांची रांग दारापर्यंत गेली होती. गजामामा रजेवर होता आणि उरलेल्या मामांची आपसात भांडणं चालू होती. शिवाय यंत्र वर गेलं की मालक खाली येऊन माझ्याकडे बघत उभे राहत. मी म्हणालो, "कशाला एवढ्याशासाठी? तिला खाली पाठव. मी पेनानं खूण करून देतो. खुणेवर काप."

"झोपवून, मान वळवून करता ना, सर?"

"नेल्सन, हे मी तुला शिकवायचं की तू मला?"

तो हसला आणि गेला. तो प्रश्न त्यानं का विचारला हे बाहेरच्या वाचकाला समजायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. ताठ बसून समोर बघा आणि मानेच्या बाजूला, कानाखाली एक बोट टेकवा. आता खांद्याखाली उशी घेऊन झोपा, डोकं मागे टाका आणि तोंड दुसऱ्या बाजूला वळवा. बोट कातडीवर तिथेच आहे, पण कातडी आतल्या मांसावरून सरकली आहे. बोटाखाली मघाशी जे होतं ते आता नाही. चांगला दोन बोटांचा फरक पडतो. म्हणून मानेवर खूण करायची तर पेशंटला ऑपरेशनच्या टेबलावर जसं झोपवणार अगदी तसं झोपवूनच करायची. हा आमच्या कामातला पहिला धडा. मी तो शिकाऊ मुलांना रंगवून सांगत असे. एका मुलाच्या मानेवर पेनानं टिंब काढून त्याला मान वळवायला लावायचो, आणि सगळ्यांना दाखवायचो, "पाहिलंत? टिंब पळालं!"

द्वारकाबाई खाली आल्या तेव्हा माझ्या टेबलावर एक गरोदर बाई झोपलेली होती. तिची तपासणी अर्ध्यावर. तिला उठवा, पुन्हा झोपवा, कोण करतं? मी द्वारकाबाईंना टेबलाशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"समोर बघा."

"समोर तर तुमचा टीवी हाय. माझी गाठ त्यात दिसंल का?"

"दिसेल."

"बगा बरा, पोरगा हाय का पोरगी!" त्या म्हणाल्या आणि टेबलावरची गरोदर बाईही हसली. मीही हसलो. हसत हसत गाठ शोधली, तिच्यावर निळ्या पेनानं फुली मारली आणि द्वारकाबाईंना वर पाठवलं. रांगेतल्या पुढच्या बाईला हाक मारली.

काही वेळानं थिएटरमधून फोन आला. नेल्सन होता. आवाज शांत.

"सर, खुणेखाली गाठ नाहीये. नुसती चरबी आहे. यंत्र वर आणता का? थांबतो मी."

ते ऐकलं त्याच क्षणी मला स्टूल आठवलं. मला खूण कुठे चुकली ते कळलं, किती चुकली ते कळलं, आणि कुठल्या दिशेला चुकली तेही कळलं. "दोन बोटं वर आणि पुढे बघ," एवढं म्हणालो असतो तर पुरलं असतं. किंवा "थांब, येतो," तरी. पण खोलीत बायका होत्या, दारात मालक उभे होते, आणि वसईत माझ्या बोटाशिवाय मान उघडत नव्हती. मी म्हणालो,

"खुणेखालीच आहे. खोल जा."

"सर, इथे खांद्याची नस—"

"खुणेखालीच आहे रे. जरा हात चालव."

मी फोन ठेवला. नेल्सन माझ्यावर विश्वास ठेवून खोल गेला. खांदा उचलणारी नस त्या भागात चरबीतून जाते, शेवयाच्या एका काडीएवढी. गाठ सापडत नसताना आजूबाजूला शोधत गेलं की ती चरबीच्या धाग्यासारखीच दिसते. तो शोधत राहिला. अखेर त्यानं मला न विचारता सरळ मामांना खाली पाठवलं. भांडणं विसरून त्यांनी यंत्र वर नेलं, त्या दिवशी मोरया कुणी म्हणालं नाही. मी वर जाऊन गाठ दाखवली. खुणेपासून दोन बोटांवर होती, उथळ. नेल्सननं ती लगेच काढली. मग जखमेच्या तळाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, नस गेली आहे असं वाटतंय." शिवण्याचा प्रयत्न केला त्यानं. ती धरली नाही.

गाठीत क्षयच निघाला. औषधांनी द्वारकाबाई खडखडीत बऱ्या झाल्या. फक्त डावा खांदा खाली आला तो कायमचा. हात खांद्याच्या वर जाईना. भाताचा भारा डोक्यावर घेताना त्याला धरायचा डावा हात वर जाईना, दोरीवर कपडे टाकता येईनात, केस विंचरता येईनात. ऑपरेशन करताना खांद्याची नस कापली म्हणजे चूक कुणाची, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सुरी कुणाच्या हातात होती? तो चुकला.

नेल्सननं द्वारकाबाईंच्या नवऱ्याला स्वतः जाऊन सांगितलं, "माझ्या हातून झालं." खूण, फोन, स्टूल, यांतलं काही बोलला नाही. फोनवर मी काय म्हणालो ते थिएटरमधल्या कुणी ऐकलं नव्हतं, त्यांना फक्त त्याचंच बोलणं ऐकू गेलं होतं. तो एक शब्द जरी बोलला असता तर मी तो नाकारला असता, हे त्याला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र माहीत होतं.

मग नवरा माझ्याकडे आला. "डाक्टर, तुमी सांगा. तुमची खून बरोबर व्हती ना?"

मी म्हणालो, "खूण बरोबर होती." आणि डॉक्टरांच्या मासिक बैठकीत, चहाच्या वेळी, एकानं दबक्या आवाजात विचारलं, "काय हो झालं नक्की?" तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत म्हणालो, "चांगला मुलगा आहे. शिकतोय अजून." किती सभ्य वाक्य! कुणाचं नाव खराब केलं असा आरोप माझ्यावर कुणी करूच शकणार नाही. त्या वाक्यानंतर वसईतल्या डॉक्टरांनी मानेच्या पेशंटना पुन्हा दादरचा रस्ता दाखवायला सुरुवात केली. वर्षभरात नेल्सननं आमचं हॉस्पिटल सोडलं आणि मुंबईत कुणाच्या तरी हाताखाली नोकरी धरली. जाताना मला भेटायला आला, पाया पडला. मी आशीर्वाद दिला. द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं, आणि तेही बनावट.

द्वारकाबाई पुढे कितीदा तरी माझ्या खोलीत आल्या. थोरल्या सुनेला घेऊन, मग धाकट्या सुनेला घेऊन. खांदा खाली लोंबलेला, पदर सारखा घसरायचा, तो त्या उजव्या हातानं वर ओढायच्या. बाकावरच्या बायकांना सांगायच्या, "ह्या डाक्टरांनी बरोबर दावला व्हता. त्या मास्तराच्या पोरानी खांदा घालवला माझा. हात झडंल त्याचा!" आणि दरवर्षी नवीन भात झालं की घरचे तांदूळ पिशवीतून पाठवायच्या. मी ते घेतले. आम्ही ते खाल्ले. चवीला चांगले असायचे, त्यात खोट काढता येत नाही.

नेल्सन गेल्याचं कळलं, त्यानंतर काही दिवसांनी मी द्वारकाबाईंच्या गावी गेलो. आता त्या सत्तरीला टेकल्या आहेत. खाडीकडची शेती बरीचशी विकली गेली आहे, घर दुमजली झालं आहे. ओट्यावर नात त्यांचे केस विंचरत होती. मी मनातल्या मनात पुष्कळ प्रस्तावना तयार केली होती, पण एकही न वापरता सगळं सांगितलं. आधी नेल्सन वारल्याचं, मग स्टूल, फुली, फोन, मी काय म्हणालो ते, आणि म्हणताना मला काय माहीत होतं ते.

नातीचा हात थांबला. द्वारकाबाई म्हणाल्या, "तू विंचर ग. थांबू नको." मग मला म्हणाल्या, "म्हंजे खून चुकीची व्हती."

"हो."

"नि तुमाला फोनवरच कललं व्हतं."

"हो."

मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, म्हणून मी वाट बघत बसलो. ते समाधान त्यांनी मला दिलं नाही.

"हाताचा काय नाय," त्या म्हणाल्या. "हात गेला तो गेला. पन डाक्टर, इतकी वर्सं मी त्या पोराला शिव्या घातल्या. हात झडंल, वंस बुडंल, नको नको ते. देवापुढं बसून घातल्या. त्या मी आता परत कशा घेऊ? सांगा ना. तुमी शिकलेले हाव."

मी "मला माफ करा," असं म्हणालो. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"माझं ऱ्हाऊ द्या. त्याला सांगितला का? जिता व्हता तवा?"

"गेलो होतो," मी म्हणालो. "सांगायला म्हणूनच गेलो होतो."

"मग?"

तिथे मी त्यांना पूर्ण सांगितलं नाही. इथे सांगतो.

नेल्सन काही वर्षांनी वसईत परत आला होता. मुंबईत त्यानं नाव कमावलं होतं, आणि आठवड्यातून एक दिवस इथल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये बसू लागला होता. एव्हाना यंत्रं बॅगेएवढी झाली होती. त्यानं मानेची सोनोग्राफी स्वतःच शिकून घेतली होती, स्वतःच बघायचा, स्वतःच सुई घालायचा, स्वतःच कापायचा. कुणाच्याही खुणेवर अवलंबून राहायचं नाही, असं त्यानं ठरवलं असावं. फक्त मानेसाठी घेतलेल्या त्या यंत्राबद्दलही आपण गर्भलिंग तपासणार नाही, असं त्याला सरकारला लिहून द्यावं लागलं होतं, आणि ते तो हसत सांगायचा.

त्याच सुमारास माझ्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. बायको म्हणाली, "दादरला जाऊ या." मी म्हणालो, "नको, नेल्सनला दाखवतो." ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण तिच्या माहितीप्रमाणे तो शिकतोय अजून. रिक्षात मी वाक्य पाठ करत होतो. लांबलचक वाक्यं एकेक करून गाळली आणि शेवटी एकच ठेवलं, 'नेल्सन, खूण चुकीची होती आणि तू फोन केलास तेव्हा मला ते माहीत होतं.' यात 'पण' नव्हता, 'परिस्थिती' नव्हती. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, म्हणजे मी मोठ्यानं म्हणत असणार.

नेल्सन उठून उभा राहिला. केस पांढरे व्हायला लागले होते. "सर! तुम्ही कशाला रांगेत बसलात? फोन करायचा ना."

फोन हा शब्द त्यानं अगदी सहज उच्चारला.

त्यानं मला टेबलावर घेतलं, माझा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवला, मानेवर जेली लावली आणि बघू लागला. "सर, एक गाठ आहे, कडा छान आहेत. काळजी वाटत नाही, पण पाणी काढून तपासून घेऊ. आत्ताच करतो, चालेल?"

"चालेल. नेल्सन, मला तुला एक—"

"एक मिनिट, सर."

"नाही, ऐक. त्या द्वारकाबाईंच्या वेळी—"

त्याचा हात थांबला. मला चष्म्याशिवाय त्याचा चेहरा धूसर दिसत होता, त्यामुळे त्यावर काय उमटलं ते मी सांगू शकत नाही. मग तो म्हणाला, "सर, आता बोलू नका. गिळूही नका. गळा हलला की सुई भलतीकडे जाईल."

हे काही मला गप्प करण्यासाठी नव्हतं. मानेत सुई घालताना प्रत्येक पेशंटला हेच सांगतात. मी गप्प पडून राहिलो. सुई आत गेली. त्याच्या दुसऱ्या हाताचं एक बोट माझ्या गळ्यावर टेकलेलं होतं, अगदी हलकं. पडदा त्यानं माझ्याकडे वळवला नव्हता. खोलीत मी, तो आणि छतावरची ट्यूबलाइट. बोलायचं नाही असं मला कुणीतरी सांगितलं आहे, या विचारानं मला आत इतका आराम वाटला, की त्याची लाज मला आजही वाटते.

"झालं," तो म्हणाला. एकाच टोचण्यात. कापसाचा बोळा दाबून धरला, माझा चष्मा परत दिला आणि टिशू पेपर पुढे केले. मी उठून बसलो. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला सिस्टर दारात आल्या होत्या. त्यांना त्यानं हातानं थांबवलं, आणि दार पुढे लोटून घेतलं.

"हां सर," तो स्टूल ओढून समोर बसला. "तुम्ही काहीतरी सांगत होता."

तो थांबला होता. घाई करत नव्हता. त्याला काय ऐकायचं आहे हे त्याला माहीत होतं आणि मला काय सांगायचं आहे हेही, असं मला तेव्हा स्पष्ट वाटलं. मी मान पुसत होतो. पुसून झाली होती तरी पुसत होतो.

"जेली कोमट करून घेतोस वाटतं," मी म्हणालो. "बरं वाटलं."